अर्ज़लुल-उमुर : रुग्णालयातून घरी परतणाऱ्या वडीलधाऱ्यांची सेवा

पवित्र कुरआनात माणसाच्या आयुष्याचे टप्पे सांगताना एक शब्दप्रयोग दोन ठिकाणी आला आहे : ‘अर्ज़लुल-उमुर’. सूरह अन्-नहलच्या ७०व्या आयतीत आणि सूरह अल्-हज्जच्या ५व्या आयतीत तो आढळतो. त्याचा अर्थ वयाचा सर्वांत दुबळा, सर्वांत परावलंबी टप्पा. दोन्ही आयतींचा आशय असा की, तुमच्यापैकी काहींना अशा वयापर्यंत पोहोचवले जाते, जिथे सर्व काही जाणून झाल्यानंतर माणसाला काहीच कळेनासे होते. येथे थोडे थांबावे. म्हातारपणाची कितीतरी लक्षणे आहेत. गुडघे जातात, दात जातात, दृष्टी मंदावते. या दोन आयतींनी त्यांपैकी एकाचाही उल्लेख केलेला नाही. उल्लेख आहे तो ‘इल्म’ हरवण्याचा, जाणीव मावळण्याचा.

प्रत्येक आजाराचे नाव कुरआनातून शोधून काढण्याची मला हौस नाही, आणि या आयती वैद्यकशास्त्राचा धडा म्हणून अवतरलेल्या नाहीत. तरीही आज डॉक्टर ज्याला डिमेन्शिया म्हणतात, ती अवस्था ज्यांच्या घरात आहे, त्यांना या आयती वाचताना आपल्याच ओसरीवरचे चित्र दिसते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी या वयापासून अल्लाहचे संरक्षण मागितले आहे. ही दुआ सहीह बुखारीत आहे, आणि हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) आपल्या मुलांना ती अशी शिकवीत, जसा पंतोजी पोरांना अक्षरे गिरवायला शिकवतो. ज्या अवस्थेपासून स्वतः प्रेषितांनी (स.) आश्रय मागितला, ती पापाची शिक्षा नव्हे, कसोटी आहे. रुग्णाची तर आहेच. त्याहून अधिक ती त्याच्या अवतीभोवतीच्या माणसांची आहे.

भारतातील ६० वर्षांवरील लोकसंख्येच्या एका मोठ्या पाहणीनुसार शंभरांतील सुमारे सात जणांना हा विकार आहे, म्हणजे देशभरात सुमारे ८८ लाख माणसे. आपल्या उरणसारख्या तालुक्यात, जिथे प्रत्येक मोहल्ल्यात दहा-वीस घरांआड एखादी दादी किंवा नाना अंथरुणावर आहेत, या आकड्याचे नवल वाटू नये. या लेखात मात्र संपूर्ण आजाराची चर्चा करायची नाही. त्यातील एकच दिवस, आणि त्या दिवसामागून येणारे काही आठवडे, एवढाच विषय आहे : अशा वृद्धाला रुग्णालयातून घरी सोडतात तो दिवस. इमामाकडे लोक जनाजा, निकाह आणि तलाकचे प्रश्न घेऊन येतात हे सर्वांना ठाऊक आहे. अलीकडे या दिवसानंतरचे प्रश्नही मोठ्या संख्येने येऊ लागले आहेत, आणि त्यांतील कितीतरी प्रश्न चुकीच्या दारावर ठोठावले जातात.

‘असर’ आहे की आजार?

सर्वांत अधिक विचारला जाणारा प्रश्न हा : अब्बा पडले, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया चांगली झाली, पण रुग्णालयात तिसऱ्या रात्रीपासून ते वेगळेच बोलू लागले. मेलेल्या भावाशी गप्पा मारतात, भिंतीवर माणसे दिसतात, नळ्या उपटतात, रात्रभर ओरडतात आणि दिवसा झोपतात. घरी आणले तरी तसेच. मौलाना, काही असर झाला आहे का? एखादा तावीज द्या.

कुरआनची तिलावत करून रुग्णावर दम करणे ही सुन्नत आहे आणि ते अवश्य करावे. पण याच प्रेषितांनी (स.) उपचार करण्याचाही आदेश दिला आहे. हजरत उसामा बिन शरीक (रजि.) यांच्या हदीसचा आशय असा आहे की, अल्लाहने असा कोणताही आजार ठेवला नाही ज्याचे औषध ठेवलेले नाही, अपवाद फक्त एक, म्हातारपण. तेव्हा वरच्या उदाहरणात आधी हे ओळखावे की काय आजार आहे आणि काय म्हातारपण.

डिमेन्शिया हळूहळू येतो, महिन्यांनी आणि वर्षांनी. एका रात्रीत किंवा तीन दिवसांत जो गोंधळ उडतो, तो बहुधा निराळा असतो. डॉक्टर त्याला डेलिरियम म्हणतात. दुबळ्या मेंदूवर शरीरातील एखाद्या बिघाडाचा भार पडला की तो असा डळमळतो. आणि ज्याला आधीच विस्मृतीचा विकार आहे, त्याच्यावर हे संकट लवकर येते. कारणे बहुतेक वेळा अगदी साधी असतात : लघवीत जंतुसंसर्ग, लघवी तुंबणे, चार-पाच दिवसांची बद्धकोष्ठता, पाणी कमी पिणे, रक्तातील सोडियम उतरणे, न सांगता येणारी वेदना, छातीत संसर्ग, नव्याने सुरू झालेली झोपेची किंवा ॲलर्जीची गोळी. याशिवाय चष्मा आणि कानाचे यंत्र. रुग्णालयात भरती करताना या वस्तू हरवतील म्हणून आपण घरी ठेवतो, आणि मग ज्याला धड दिसत नाही, धड ऐकू येत नाही, अशा माणसाला अनोळखी छताखाली झोपवून तो सैरभैर का झाला म्हणून विचारतो.

हे कारण शोधून दूर केले तर गोंधळ पुष्कळ अंशी ओसरू शकतो. कधी काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत. उलट तावीज बांधून वाट पाहत बसलो तर लघवीचा संसर्ग रक्तात उतरतो. म्हणून एक नियम पाळावा : वृद्ध माणसाच्या बोलण्या-वागण्यात अचानक फरक पडला की त्याच दिवशी डॉक्टर. आणि एक गोष्ट विसरू नये. अशा रुग्णांपैकी काही जण आरडाओरडा करीत नाहीत. ते एकदम गप्प होतात, सुस्त पडतात, खात नाहीत. घरचे म्हणतात, ‘आता शांत झाले.’ ही शांतताही धोक्याचीच असते.

‘तुझ्याजवळ’ हा शब्द

सूरह अल्-इस्राच्या २३व्या आणि २४व्या आयती आपण प्रत्येक खुत्ब्यात ऐकतो. आई-वडिलांपैकी एक किंवा दोघे वार्धक्याला पोहोचले तर त्यांना ‘उफ्’ सुद्धा म्हणू नये, झिडकारू नये, आदराने बोलावे, दयेने त्यांच्यापुढे नम्रतेचे पंख झुकवावेत आणि त्यांच्यासाठी दुआ करावी, हा त्यांचा आशय सर्वांना पाठ आहे. त्यातील एक छोटा शब्द मात्र सहसा सुटून जातो : ‘इन्दक’. तुझ्याजवळ. वार्धक्य आले तर, एवढेच म्हणून आयत थांबत नाही. ‘तुझ्याजवळ’ वार्धक्य आले तर, असे ती म्हणते. लहानपणी तू त्यांच्याजवळ होतास, आता ते तुझ्या हाती आहेत.

आता ‘उफ्’चा विचार करा. ज्याचे आई-वडील म्हातारे पण शहाणे आहेत, त्याला हा आदेश तसा सोपा जातो. ज्याची आई तासाभरात अठ्ठावीस वेळा विचारते की तुझे अब्बा अजून जेवायला आले नाहीत का, आणि अब्बांना जाऊन अकरा वर्षे झाली आहेत, त्याच्यासाठी हे दोन अक्षरांचे बंधन डोंगराएवढे होते. अशा वेळी काय उत्तर द्यावे? प्रत्येक वेळी ‘ते वारले’ म्हणून सांगणे म्हणजे त्या माऊलीला प्रत्येक वेळी नव्याने विधवा करणे होय. खोटेही बोलावे लागू नये. अब्बांची आठवण आली का, त्यांना काय आवडायचे जेवायला, असे विचारून बोलणे वळवावे. आयतीतील ‘कौलन करीमा’, म्हणजे सन्मानपूर्वक बोलणे, याचा एक अर्थ डिमेन्शियाच्या घरात हा होतो. वाद घालून तिला बरोबर करण्याचा हट्ट सोडावा. परीक्षा घेऊ नये. ‘सांग बघू मी कोण’ हा प्रश्न तर घरातून हद्दपार करावा.

सोडण्याच्या दिवशी

उरणहून मोठ्या आजारासाठी पनवेल, कामोठे, नेरूळ किंवा थेट मुंबई गाठावी लागते. जिल्हा रुग्णालय अलिबागला. जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत लोकल आली आणि अटल सेतूने शिवडी जवळ आणली, हे खरे. पण खुब्याला सळई घातलेल्या ऐंशी वर्षांच्या आजीला आठ दिवसांनी टाके दाखवायला नेणे हे आजही घरातील दोन माणसांचा एक रोजगार बुडवणारे काम आहे. म्हणून जे विचारायचे ते सोडण्यापूर्वीच विचारून घ्यावे. आपल्याकडे होते असे की, ‘उद्या डिस्चार्ज’ हे शब्द कानी पडताच सर्वांचे लक्ष बिलाकडे जाते. संध्याकाळी बिल मिटते, रात्री गाडी दारात येते, आणि हातात इंग्रजीतील एक कागद असतो, जो घरात कोणालाच नीट वाचता येत नाही.

तो कागद परिचारिकेकडून किंवा डॉक्टरांकडून मराठीत समजून घ्यावा आणि घरातील लिहित्या मुला-मुलीने वहीत उतरवून घ्यावा. यात संकोच नसावा. रुग्णाची माहिती मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे. कोणती जुनी गोळी बंद झाली हे विशेष विचारावे. रक्तदाबाची जुनी गोळी आणि त्याच औषधाची दुसऱ्या नावाची नवी गोळी, दोन्ही चालू राहिल्याने म्हातारी माणसे चक्कर येऊन पुन्हा पडतात. लघवीची नळी असेल तर ती कधी काढायची याची तारीख घ्यावी; नळी विसरून राहिली की संसर्ग ठरलेला. पायावर भार द्यायचा की नाही, किती द्यायचा, हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या तोंडून ऐकावे. आणि निघण्यापूर्वी फिजिओथेरपिस्टला सांगावे की अम्मीला पलंगावरून खुर्चीत कसे बसवायचे ते आम्हाला करून दाखवा. एकदा नव्हे, आमच्या हातून दोनदा करून घ्या.

७० वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचारांचे संरक्षण आहे. हे कार्ड आजारी पडण्यापूर्वी काढून ठेवावे. या योजनेत रुग्णालय सोडल्यानंतरच्या १५ दिवसांपर्यंतचा औषधखर्चही धरलेला आहे. पुष्कळांना हे माहीत नसते आणि ते विचारीत नाहीत. घरी येणारी मदतनीस बाई, डायपर, पलंग, महिनोन्‌महिने चालणारा व्यायाम, यांचा भार मात्र कुटुंबावरच पडतो. १०८ ची गाडी आणीबाणीसाठी आहे, घरी सोडण्यासाठी नव्हे. तेव्हा परतीच्या गाडीची सोयही आधीच पाहावी.

पहिले काही आठवडे

आपल्या समाजात सेवेची एक चुकीची कल्पना रुजलेली आहे : म्हाताऱ्याला हलू द्यायचे नाही, सर्व काही पलंगावर द्यायचे, म्हणजे सेवा. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर बहुधा दुसऱ्याच दिवशी उभे करायला पाहतात, आणि घरी आल्यावर आपण त्याला दोन महिने झोपवून ठेवतो. अंथरुणात पडून राहिलेल्या वृद्धाच्या स्नायूंची ताकद दिवसागणिक ओसरते. ती परत मिळवायला कितीतरी पट काळ लागतो, आणि डिमेन्शियाच्या रुग्णाच्या बाबतीत तर ‘चालायचे कसे’ हेच मन विसरून जाते. तो व्यायामाच्या सूचना लक्षात ठेवू शकत नाही, म्हणून व्यायाम होणार नाही, असे मात्र समजू नये. त्याला ‘वीस वेळा पाय उचला’ म्हणण्यापेक्षा ‘चला, अस्रची वेळ झाली, वुजू करू’ म्हणावे. साठ वर्षांची सवय पायांना आठवते. पलंगापासून न्हाणीपर्यंत वॉकर धरून पाच वेळा जाणे-येणे, हाच त्याचा व्यायाम. नमाजसारखा दिवसाला आकार देणारा उपाय मला दुसरा ठाऊक नाही.

जो खरोखरच उठू शकत नाही, त्याची कूस दर दोन तासांनी बदलावी आणि टाचा, कंबर, माकडहाड रोज उजेडात पाहावे. त्वचा लाल होऊन बोटाने दाबल्यावरही लालच राहिली, तर ती जखमेची सुरुवात समजावी. भरवताना पाठ सरळ बसवून, लहान घास, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नये. अन्न श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया या रुग्णांचा मोठा वैरी आहे. पेज पिताना वारंवार ठसका लागत असेल तर डॉक्टरांना सांगावे.

मगरिबच्या सुमारास अनेकांचा गोंधळ वाढतो. अंधार पडण्यापूर्वीच घरात भरपूर दिवे लावावेत, टीव्हीचा गलका बंद करावा. ज्यांना पाठ होते, त्यांच्यासमोर सूरह फातिहा किंवा सूरह यासीन हळू आवाजात म्हणावी. नातवाचे नाव न आठवणारी दादी फातिहा मात्र शेवटपर्यंत बरोबर म्हणते, असे पुष्कळदा दिसते. बालपणी खोल रुजलेले सर्वांत शेवटी जाते. आणखी एक : आपल्या कोकणी घरांतील म्हाताऱ्या माणसांना आजार वाढल्यावर फक्त घरची बोली उमगते. बाहेरून ठेवलेल्या बाईला त्या बोलीतील पाणी, लघवी, दुखते, नको, हे दहा-बारा शब्द लिहून द्यावेत.

रुग्ण चालता-फिरता असेल तर दाराला वर, नजरेआड, कडी लावावी आणि खिशात मराठीत नाव नसले तरी चालेल पण फोन नंबर लिहिलेले कार्ड ठेवावे. आपल्या रस्त्यांवर बंदराचे कंटेनर घेऊन जाणारे ट्रेलर रात्रंदिवस धावतात, आणि एका बाजूला मोरा-करंजाची खाडी आहे.

त्यांची नमाज, त्यांचे रोजे, त्यांची जकात

हजरत आयशा (रजि.) आणि हजरत अली (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसचा आशय सर्वज्ञात आहे : तीन जणांवरून लेखणी उचलली गेली आहे. झोपलेला, जागा होईपर्यंत. बालक, वयात येईपर्यंत. आणि ज्याची बुद्धी हरवली तो, ती परत येईपर्यंत. ज्याला नमाज काय, वेळ काय, हे कळतच नाही, त्याच्यावर नमाज फर्ज राहत नाही. त्याला दटावून उभे करण्यात कोणतेही पुण्य नाही.

पण डिमेन्शिया एका रात्रीत दिवा विझवीत नाही. वात वर-खाली होत राहते. सकाळी शुद्धीत, संध्याकाळी हरवलेले, असे असेल तर शुद्धीच्या वेळेची नमाज आहे. उभे राहता येत नसेल तर बसून, बसता येत नसेल तर कुशीवर, हजरत इम्रान बिन हुसैन (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) हेच शिकवले. ज्या वेळा पूर्णपणे भान हरपलेले होते त्यांची कजा शाफई मस्लकात नाही. हनफी मस्लकात ती अवस्था पाच नमाजांहून अधिक लांबली तर कजा नाही. रकात विसरणाऱ्यासाठी हनफी फिक्हच्या ग्रंथांत अशी सवलत आहे की शेजारी बसलेल्याने सांगत जावे आणि त्याने करीत जावे. त्याहून सोपा मार्ग म्हणजे घरातील कोणी इमामत करावी आणि त्यांना मागे खुर्चीवर बसवावे. लघवीची नळी किंवा डायपर असेल तर तो ‘माजूर’ आहे : हनफींच्या मते प्रत्येक वेळेसाठी एक वुजू, शाफईंच्या मते प्रत्येक फर्जसाठी नवा. नळीमुळे नमाज सोडून देऊ नये.

रोजा ठेवण्याची ताकद नाही आणि ती परत येण्याची आशाही नाही, पण समज शाबूत आहे, अशा वृद्धाच्या प्रत्येक रोजाचा फिदया द्यावा. शाफई मस्लकात एक मुद्द धान्य, आपल्याकडे साधारण सहाशे ते साडेसातशे ग्रॅम तांदूळ. हनफी मस्लकात सुमारे पावणेदोन किलो गहू किंवा त्याची किंमत. समजच पूर्णपणे गेली असेल तर रोजाही नाही आणि फिदयाही नाही. घरचे अपराधी भावनेने हजारो रुपयांचा फिदया काढतात, आणि त्याच वेळी फिजिओथेरपिस्टला ‘परवडत नाही’ म्हणून बंद करतात. फर्ज नसलेला खर्च करून गरजेचा खर्च टाळणे ही दीनदारी नव्हे.

जकातीच्या बाबतीत दोन्ही मस्लकांत मोठा फरक आहे आणि उरणमध्ये दोन्ही मस्लकांची घरे भिंतीला भिंत लावून आहेत. बुद्धी पूर्ण हरवलेल्याच्या मालमत्तेवर हनफी फिक्हनुसार जकात नाही. शाफई फिक्हनुसार आहे, आणि ती पालकाने त्याच्या मालातून काढायची आहे. आपल्या घरचा मस्लक पाहून आणि आलिमला विचारून हा निर्णय करावा.

आणि जो नमाजी आता नमाजच विसरला, त्याच्या मुलांनी खिन्न होऊ नये. हजरत अबू मूसा (रजि.) यांची बुखारीतील हदीस सांगते की, बंदा आजारी पडला तर निरोगी असताना तो जे सत्कर्म करीत असे, तसेच त्याच्या नावे लिहिले जाते.

सेवा कोणाची जबाबदारी?

या प्रश्नाचे उत्तर मशिदीत दिले की काही चेहरे उतरतात, तरी द्यावे लागते. आई-वडिलांचा खर्च आणि सेवा ही त्यांच्या मुलामुलींची जबाबदारी आहे. सासू-सासऱ्यांची अंगसेवा शरीअतने सुनेवर थेट फर्ज केलेली नाही. ती करते, तो तिचा एहसान आहे, आणि एहसानाची जाणीव ठेवावी लागते. प्रत्यक्षात काय घडते? मोठा मुलगा कुवेतला, धाकटा बंदरात पाळीवर, मुलगी भिवंडीला. आणि रात्री तीन वेळा चादर बदलणारी ती सून. आखातातून पैसे पाठवणारा मुलगा आपले कर्तव्य पूर्ण झाले असे समजतो. पैसा आवश्यक आहेच, पण त्याने एवढे तरी करावे की सुट्टी लग्नसराई पाहून न घेता रुग्णालयातून सोडण्याच्या दिवसांत घ्यावी, आणि बायकोला महिन्यातून चार दिवस माहेरी जाता येईल अशी बदली माणसाची सोय आपल्या खर्चाने करावी. थकलेल्या माणसाच्या तोंडूनच ‘उफ्’ निघते.

आंघोळ आणि शौचाच्या वेळी सतराचा प्रश्न येतो. शक्यतो पुरुषाचे पुरुषाने, स्त्रीचे स्त्रीने करावे, पती-पत्नी एकमेकांचे करू शकतात. तसे कोणीच नसेल तर गरजेपुरती परवानगी आहे : हातमोजे घालावेत, वरून कापड धरावे, गरजेपलीकडे पाहू नये. मुलाने आईचे करायचेच नाही म्हणून ती ओल्यात पडून राहिली, ही सतराची रक्षा नव्हे. एक यमनी माणूस आईला पाठीवर घेऊन तवाफ करीत होता. त्याने हजरत इब्ने उमर (रजि.) यांना विचारले, मी तिचे उपकार फेडले का? त्यांच्या उत्तराचा आशय असा की, प्रसूतीच्या वेळच्या एका कळेचेही नाही.

कोणी विचारतात, वृद्धसेवा केंद्रात ठेवणे हराम आहे का? घर, माणसे आणि ऐपत असताना अडगळ म्हणून ठेवून येणे आणि पुन्हा न फिरकणे, याला सेवा म्हणता येणार नाही. पण घरात एकटी अपंग पत्नी आहे, रुग्ण हिंसक होतो, रात्री सांभाळणारे कोणी नाही, अशा घराने चांगल्या केंद्राचा आधार घेतला आणि नित्य जाऊन देखभाल केली, तर त्यांच्यावर बोट दाखवण्याचा मोहल्ल्याला अधिकार नाही; विशेषतः ज्या मोहल्ल्यातील कोणी एक रात्र जागायला आले नाही, त्या मोहल्ल्याला.

अंगठा

आता एक कटू विषय. उरणची जमीन ही साधी जमीन राहिलेली नाही. जानेवारी १९८४च्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले, त्यानंतर साडेबारा टक्क्यांची योजना आली. बंदर झाले, सेतू झाला, आणि एकेकाळच्या भातशेतीचे भाव आकाशाला भिडले. ज्याच्या नावावर सातबारा किंवा भूखंड आहे, तो म्हातारा रुग्णालयातून आला की काही घरांत औषधाच्या आधी वकील येतो. बक्षीसपत्रावर अंगठा घेतला जातो. हा अंगठा ज्याचा आहे, त्याला आज वार कोणता हेही सांगता येत नाही.

शरीअतचा नियम स्वच्छ आहे. हिबा देणारा बुद्धी शाबूत असलेला हवा. भान हरपलेल्याचा हिबा, विक्री, वसीयत, काहीही ग्राह्य नाही. मृत्यूच्या आजारातील हिब्यालाही वसीयतीचेच नियम लागतात : एक तृतीयांशाची मर्यादा, आणि वारसांपैकी एकाला दिले तर इतरांची संमती. देशाचा कायदाही, १८७२चा करार कायदा, व्यवहाराचा परिणाम समजून विचारपूर्वक निर्णय घेता येणे ही अट घालतो. त्याच कायद्यानुसार देणाऱ्याची बुद्धी गेली की त्याने दिलेले मुखत्यारपत्र संपते. त्यानंतर त्या कागदावर केलेला व्यवहार हा उघड अपहार आहे, मग करणारा पाच वेळचा नमाजी का असेना. बहिणींचा हिस्सा अशा अंगठ्याखाली गाडलेला मी कागदोपत्री पाहिला आहे, आणि ते करणाऱ्यांनीच पुढे मय्यतीला कुरआनखानी ठेवली.

सूरह अन्-निसाच्या ५व्या आयतीचा आशय असा आहे की, ज्यांना व्यवहाराची समज नाही त्यांच्या हाती माल देऊ नका. त्यातून त्यांना खाऊ-पिऊ घाला, कपडे द्या आणि त्यांच्याशी चांगले बोला. म्हणजे त्यांचा माल आधी त्यांच्यावर खर्च व्हायला हवा. अब्बांच्या खात्यात पैसा असताना अब्बांना साध्या गादीवर जखमा होऊ देणे आणि तो पैसा ‘वारसांसाठी’ राखणे, हा वारसा अजून कोणाचाच झालेला नाही. विस्मृतीची पहिली चिन्हे दिसतील, समज बऱ्यापैकी शाबूत असेल, तेव्हाच सर्व भावंडांना बसवून कर्ज, अमानत, जकात, खाती यांची नोंद करावी. ज्येष्ठांसाठी २००७चा कायदा आहे; सेवा करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सेवा न झाल्यास परत मागता येते, पण ती अट कागदात स्पष्ट लिहिलेली असावी. सांभाळ न करणाऱ्या मुलांविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांसमोरील न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. १४५६७ या क्रमांकावर ज्येष्ठांसाठीची सरकारी मदत मिळते, आणि सेवा करणाऱ्याचेच मन खचले असेल तर १४४१६ वर बोलता येते.

जमातीची कपाटे

कैरो येथे सुलतान कलावूनने १२८४ मध्ये उभारलेल्या मन्सूरी बीमारिस्तानाच्या वक्फात, घरी पडून असलेल्या गरीब रुग्णांनाही औषध व अन्न पोहोचवण्याची तरतूद होती, आणि बरा होऊन बाहेर पडणाऱ्याला कपडे दिले जात. रुग्णालयाच्या दारात जबाबदारी संपत नाही, हे त्या लोकांनी सातशे वर्षांपूर्वी वक्फात लिहून ठेवले.

आपल्या जमातीकडे काय आहे? जनाजा आहे, कफनाचे कापड तयार आहे, लग्नाच्या देगा आणि ताटे मोजून ठेवलेली आहेत. पाठ वर-खाली होणारा एक पलंग, हवेची एक गादी, दोन वॉकर, एक कमोडची खुर्ची, एक चाकांची खुर्ची नाही. मेलेल्याला चार खांदे काही मिनिटांत मिळतात; जिवंत माणसाला पहिल्या मजल्यावरून खाली उतरवायला चार हात मिळत नाहीत. मक्का विजयाच्या दिवशी हजरत अबूबक्र (रजि.) आपले वृद्ध, दृष्टी गेलेले वडील अबू कुहाफा यांना घेऊन आले, तेव्हा प्रेषितांनी (स.) फर्मावले की या वडीलधाऱ्यांना घरीच राहू द्यायचे होते, मीच त्यांच्याकडे आलो असतो. विजयी सेनापतीला त्या दिवशी इतकी सवड होती.

ही साधने घेताना एक मसला ध्यानात ठेवावा. जकातीच्या पैशातून पलंग विकत घेऊन तो जमातीच्या मालकीचा ठेवला, तर जकात अदा होत नाही, कारण जकात गरजू व्यक्तीच्या मालकीत जायला हवी. गरीब रुग्णाला जकातीतून डायपर, औषधे किंवा गादी मालक बनवून देता येते. फिरत्या वापराच्या वस्तूंसाठी मात्र सदका, लिल्लाह रक्कम किंवा वक्फ हाच मार्ग आहे. आणि देगा वक्फ होऊ शकतात तर पलंगही होऊ शकतो. नोंदवहीत घेणाऱ्याचे नाव, तारीख आणि परतीची तारीख लिहावी, वस्तू परत आल्यावर धुऊन उन्हात ठेवावी. कपाटाची किल्ली मोअज्जिनकडे ठेवावी, विश्वस्तांकडे नको. रुग्णालयातून गाडी बहुधा रात्रीच येते.